आधी गोळ्यांचं विचारा

या आठवड्यात मला राग आला तो एका चांगल्या मुलावर. जानेफळच्या पोरांकडून पोलीस भरतीची तयारी करून घेणारा हा मुलगा. मेहकर-खामगाव रस्त्याच्या कडेने पहाटे अंधारात पळणारी पोरं दिसतात, त्यातली बरीच त्याचीच. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक, सगळं जीव तोडून शिकवतो. दिवाळीनंतर त्याने बायांसाठीही वर्ग सुरू केला. शेतात राबलं की व्यायाम झालाच असं मानणाऱ्या आमच्या गल्लीतल्या बाया पदर खोचून मैदानावर जाऊ लागल्या, याचा मला मनापासून आनंद झाला होता.

मग त्याने मधुमेह असलेल्या माझ्या शेजारणीला सांगितलं, "काकू, सकायी उपाशीपोटीच या, चरबी लवकर जयते. अन् त्या साखरेच्या गोया हयूहयू सोडून द्या. मन पक्कं पाहिजे फक्त."

शेजारणीने निम्मं ऐकलं. गोळी सवयीने घेतली आणि उपाशी गेली. दुसऱ्या फेरीत तिला दरदरून घाम सुटला, हात कापायला लागले, बोलणं अडखळलं. बाकीच्यांना वाटलं, दमली. त्या पदराने वारा घालत बसल्या. एकीने घरून गोड चहा आणला म्हणून निभावलं. हे सगळं ऐन थंडीत घडलं होतं, त्यामुळे इतका घाम उन्हाचा नव्हता, एवढं तरी कुणाच्या ध्यानात यायला हवं होतं.

यात मनाच्या पक्केपणाचा काही संबंध नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. पळताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. पोटात अन्न नसताना दोन्ही एकत्र आलं की साखर ७० च्या खाली घसरू शकते. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्याला हा धोका फार कमी. म्हणून शिकवणाऱ्याने वजन विचारायच्या आधी गोळ्यांचं विचारावं. मधुमेहाने डोळ्यांचा पडदा दुखावला असेल तर जड वजन आणि डोकं खाली करण्याचे प्रकार डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोत. तळपाय बधिर असतील तर अनवाणी पळणं नको. २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासाने देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण असल्याचा अंदाज दिला. म्हणजे कुठल्याही गावच्या मैदानावर दोन-चार जण असणारच.

मी त्या मुलाशी बोलले. त्याने मान खाली घालून ऐकलं आणि पिशवीतून एक पुस्तक काढून दाखवलं. विचार बदला, शरीर बदलेल, अशा धाटणीचं. त्या पुस्तकावर त्याचा जीव आहे, कारण भरती हुकली तेव्हा त्या पुस्तकानेच त्याला उभं केलं. ते मला समजतं. पण हुकलेली भरती पुन्हा येते. साखर रोज सकाळी असते, आणि ती गेली नाही की अशी पुस्तकं वाचणाऱ्याला वाटतं, आपलंच मन कच्चं. आजारी माणसाच्या डोक्यावर हा आणखी एक दोष ठेवणं मला क्रूर वाटतं.

त्याला मी डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' दिलं. गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी करणारा, दुसऱ्यांच्या आरोग्यासाठी झटणारा डॉक्टर ऐन चाळिशीत हृदयविकाराने आडवा होतो आणि मग स्वतःचं खाणं, चालणं, धावपळ, राग सगळं तपासायला बसतो. डीन ऑर्निश या अमेरिकन डॉक्टरचं पुस्तक त्यांच्या हाती येतं, ते वाचून ते स्वतःवर प्रयोग करतात. पण औषध आणि तपासण्या यांना कमी लेखत नाहीत. वाचून माणूस वाढतो म्हणतात ते मला इथे दिसतं.

आता वाचण्याबद्दलच बोलते, कारण मधुमेह मलाही आहे आणि हे माझ्या मनात फार दिवस आहे. साखर वाढली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि अक्षरं धूसर होतात. साखर ताळ्यावर आली की पुन्हा स्वच्छ दिसतात. म्हणून साखर वरखाली होत असताना चष्म्याचा नंबर काढायची घाई करू नये. कुठल्या दिवशी किती चालायचं हे जशी साखर ठरवते, तशी पानंही तीच ठरवते. चार पानांवर थांबावं लागलं तर मी थांबते आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

वाईट याचं वाटतं की आपल्याकडच्या गावोगावच्या वाचनालयांत अशा वाचकाला जागा उरलेली नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर अनुदानावर खेडोपाडी वाचनालयं उभी राहिली. आता त्यातल्या कितीतरी अभ्यासिका झाल्या आहेत. पोरं दिवसभर सामान्यज्ञान आणि जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसतात, त्यांना बसू द्यावं, त्यांचं आयुष्य त्यावर आहे. पण साठीच्या माणसाला खिडकीजवळ उजेडात एक खुर्ची हवी, मोठ्या टायपातली पुस्तकं हवीत, आणि मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंड यांवर डॉक्टरांनी मराठीत लिहिलेल्या पुस्तकांचं एक कपाट हवं. लोकांना आजाराची माहिती मोबाइलवरच्या निरोपांतून मिळते आणि त्यात गोळ्या सोडायला सांगणारेच जास्त असतात.

त्या मुलाला मी एक काम सांगितलं आहे आणि तो हो म्हणाला आहे. व्यायाम आटोपला की बाया मैदानाच्या पायऱ्यांवर बसतात, तेव्हा त्याच्या पोरांपैकी एकाने पाव तास मोठ्याने वाचायचं. भरतीला लेखी परीक्षाही असते. मराठी मोठ्याने वाचल्याने त्यांचं नुकसान होणार नाही. सुरुवात बंगांच्या पुस्तकाने. पुढचं पुस्तक बायांनी निवडायचं. त्याच्या वहीत आता प्रत्येकीच्या नावापुढे गोळीचं नाव, शेवटचं खाणं कधी झालं आणि घरच्यांचा फोन, अशा तीन रकान्यांच्या रेघा ओढलेल्या मी पाहिल्या. जवळ साखरेची पुडी ठेवायचंही त्याने कबूल केलं आहे. ज्यांच्याकडे मोठ्या टायपातली मराठी पुस्तकं पडून असतील त्यांनी ती जानेफळच्या मैदानावर पोहोचती करावी.