दुआ, दवा आणि शंकेचा आजार

‘‘डॉक्टर, ही वुझू करायला बसली की अर्धा अर्धा तास नळ बंद होत नाही,’’ आई सांगत होती. शेजारी बावीस-तेवीस वर्षांची मुलगी मान खाली घालून बसली होती. हात पाण्याने पांढरे पडलेले, बोटांना भेगा गेलेल्या. नमाजापूर्वी हात, तोंड, पाय धुण्याच्या विधीला वुझू म्हणतात. एखादी जागा कोरडी राहिली असेल, या शंकेने ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. शंका जावी म्हणून कोणीतरी तिला एक दुआ शिकवली. आता ती दुआही शंभरदा म्हणायची. एक अक्षर चुकले असे वाटले, की पुन्हा पहिल्यापासून!

ही गोष्ट ऐकून कोणी म्हणेल, ‘दुआ वगैरे सोडा आणि गोळ्या घ्या.’ मला तसे म्हणायचे नाही.

दुःख आणि काळजी यांपासून सुटकेसाठी इस्लाममध्ये ज्या दुआ म्हटल्या जातात, त्यांतली एक फार प्रसिद्ध आहे. प्रेषित मुहम्मद ती वारंवार म्हणत, असे त्यांचे सेवक अनस इब्न मालिक यांनी सांगितल्याची नोंद बुखारी यांच्या हदीससंग्रहात आहे. तिच्यात आठ गोष्टींपासून आश्रय मागितला आहे: चिंता आणि दुःख, असहायता आणि आळस, कंजूषपणा आणि भित्रेपणा, कर्जाचा बोजा आणि माणसांची दडपशाही. पहिली जोडी पाहा. चिंता येणाऱ्या उद्याची, दुःख होऊन गेलेल्या कालचे, असा फरक अनेक भाष्यकारांनी केला आहे. आणि मनाच्या त्रासाच्या यादीत कर्जही आहे! डोक्यावर कर्ज असले की झोप उडते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

अशा प्रार्थनेने बरे का वाटते? एक कारण म्हणजे, मनातल्या गोंधळाला नाव मिळते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी 2007 मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रातल्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला, की मेंदूतल्या अमिग्डला या भीतीशी निगडित भागाची हालचाल कमी होते, असे त्यात दिसले. दुसरे कारण श्वासाचे. इटलीतील संशोधकांनी 2001 मध्ये 23 निरोगी माणसांना रोझरीची प्रार्थना आणि योगातला मंत्र म्हणायला लावले. दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाच्या लयीत चांगला बदल दिसला. हा प्रयोग दुआवर झालेला नव्हता. पण संथ लयीत म्हटलेल्या शब्दांचा शरीरावर परिणाम होतो, एवढे त्यातून नक्की कळते.

म्हणजे साध्या काळजीत आणि दुःखात दुआ आधार देते. शंकेच्या आजाराची गोष्ट मात्र वेगळी आहे. अरबीत मनात कुजबुजणाऱ्या या शंकेला ‘वस्वसा’ म्हणतात. ती हाताबाहेर गेली, की जो आजार होतो त्याला मराठीत फार नेमका शब्द आहे: मंत्रचळ. सोवळे मोडले म्हणून दहादा अंघोळ करणारी आजी आणि वुझू मोडला म्हणून पुन्हा नळ सोडणारी ही मुलगी, दोघींचा आजार एकच. धर्म त्याला फक्त विषय पुरवतो. या आजारात कृती पुन्हा केली की क्षणभर हायसे वाटते. मेंदू तेवढेच शिकतो आणि पुढच्या वेळी शंका अधिक जोरात येते. दुआही अशी मोजून, तपासून म्हटली जाऊ लागली, की ती उपाय राहत नाही. ती आजाराचाच भाग होते.

गंमत अशी, की हे परंपरेलाही ठाऊक होते. खात्री असलेली गोष्ट नुसत्या शंकेने मोडत नाही, हे इस्लामी धर्मशास्त्रातले मूलभूत सूत्र आहे. वुझू केला हे ठाऊक असेल, तर शंका आली म्हणून तो पुन्हा करायचा नाही. आजचे मानसोपचारतज्ज्ञही हेच करून घेतात: शंका येऊ द्या, पण कृती पुन्हा करू नका. सुरुवातीला अस्वस्थता वाढते, मग हळूहळू ओसरते. सोबत मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणारी औषधे दिली जातात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून ती आपल्या मनाने मध्येच थांबवू नयेत.

आजच्या अफगाणिस्तानातील बल्ख इथले विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी हजारेक वर्षांपूर्वी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. त्यात राग, भीती, दुःख यांच्या जोडीने त्यांनी वस्वशाचाही स्वतंत्र विचार केला. प्रत्येक आजाराला उपाय आहे, तो शोधा, अशी प्रेषितांचीही शिकवण सांगितली जाते. मग मनाच्या आजारालाच अपवाद का?

आपल्या देशात 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, बहुतेक मानसिक आजारांचे सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांविना असल्याचे आढळले. हे सगळ्याच धर्मांच्या घरांतले आहेत. म्हणून घरच्यांना, तसेच इमाम, पुजारी आणि पाद्री यांनाही विनंती आहे. एखाद्याचा दिवसातला तासभर किंवा अधिक वेळ शंकेत आणि तीच कृती पुन्हा करण्यात जात असेल, किंवा दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी हटत नसेल, तर त्याची श्रद्धा कमी पडली असे म्हणू नका. त्याला डॉक्टरांकडे पाठवा. 14416 या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ची मोफत सेवा आहे. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले, तर एक दिवसही थांबू नका.

निघताना त्या आईने विचारले, ‘‘मग दुआ बंद करायची का?’’

मी म्हटले, ‘‘बंद कशाला? म्हणू दे. फक्त एकदाच. चुकली असे वाटले, तरी एकदाच.’’