फटफटी आणि धृति

दिवाळी होऊन चारच दिवस झाले असतील. दुपारच्या वेळीं माझी धाकटी भावजय एक छापील कागद घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसली. "भावोजी, हा वाचा आणि त्याला नाहीं म्हणून सांगा. तुमचें तो ऐकतो." एवढेंच ती बोलली. भाऊ जाऊन आठ वर्षें झालीं. चोवीस वर्षांचा हा एकुलता एक मुलगाच नोकरी करून घर चालवितो. कागद होता डोंगरांतील आडवाटांनीं मोटारसायकली हांकण्याच्या हौशी लोकांच्या दोन दिवसांच्या स्पर्धेचा. जिवाचें बरेंवाईट झाल्यास जबाबदारी माझी, अशा अर्थाच्या मजकुराखालीं स्पर्धकानें सही करावयाची होती.

नाहीं म्हणणें सोपें होतें. छत्तीस वर्षें वर्गांत मीं दुसरें फारसें केलें नाहीं. परंतु ज्या गोष्टीची आपणांस मुळींच माहिती नाहीं, ती निदान ऐकून तरी घ्यावी, म्हणून रात्रीं मुलाला बोलाविलें.

शर्यत म्हणजे वेग, ही माझी समजूत त्यानें प्रथम मोडून काढली. या स्पर्धेंत सारे एकदम सुटत नाहींत. मिनिटामिनिटाच्या अंतरानें सुटतात. वाटेंतील प्रत्येक नाक्यावर कोणत्या मिनिटास पोंचावयाचें तें आधींच ठरलेलें असतें. उशीर झाला तर दंड, आणि लवकर पोंचलें तरीहि दंड! वेगाची परीक्षा मधल्या ठराविक तुकड्यांपुरतीच. रात्रीं गाड्या कुंपणांत बंद ठेवतात. तेथें स्वारासहि आपल्या गाडीला हात लावतां येत नाहीं. टायर बदलणें, साखळी ताणणें हें ज्याचें त्यानें नेमल्या वेळांत उरकावयाचें. इंग्लंडांत कार्लाइल येथें १९१३ सालीं सहा दिवसांची अशी आंतरराष्ट्रीय स्पर्धा प्रथम झाली. तिच्या मूळ इंग्रजी नांवांत शर्यत हा शब्दच नव्हता; कसोटी असा होता.

राहात्याच्या माणसास चिखल शिकवावयास नको. कालव्याच्या पाण्यानें भिजलेली काळी माती सायकलच्या चाकांत आणि मडगार्डांत अशी घट्ट बसते कीं चाक फिरेनासें होतें, आणि शेवटीं स्वारच सायकलीला खांद्यावर घेऊन घरीं येतो. फटफटी खांद्यावर घेतां येत नाहीं! म्हणून या गाड्यांचें पुढचें मडगार्ड चाकापासून बरेंच उंच असतें. मुरुमाची धूळ इंजिनांत जाऊन तें झिजूं नये म्हणून हवेच्या गाळणीचा स्पंज तेलांत भिजविलेला असतो. खडबडीत वाटेवर स्वार बैठकीवर बसत नाहीं; पाय ठेवावयाच्या दांड्यांवर उभा राहतो, म्हणजे खड्ड्याचा धक्का कण्याऐवजीं गुडघे झेलतात.

मग तो मोठ्या स्पर्धांविषयीं बोलूं लागला. डाकार रॅली पूर्वीं पॅरिसहून निघून आफ्रिकेंत जात असे. २०२० पासून ती सौदी अरबस्तानांत होते. बंगळूरचे सी. एस. संतोष यांनीं २०१५ सालीं ती पुरी केली. असें करणारे ते पहिले भारतीय. केरळचे हरिथ नोआ २०२४ सालीं तींतील एका वर्गांत पहिले आले. व्यापारी जहाजावर नोकरी करणारे आपले आशिष रावराणे कोणत्याहि कारखान्याच्या संघांत नसतां २०२१ सालीं खाजगी स्पर्धक म्हणून तींत उतरले. त्याच वर्षीं संतोष वाळवंटांत पडले, डोक्यास मार लागला, आणि डॉक्टरांना त्यांस कांहीं दिवस औषधानें बेशुद्ध ठेवावें लागलें. हेंहि मुलानें न विचारतां सांगितलें. मला वाटतें, माझें मन तेथेंच वळलें.

"सर्वांत आधीं काय दमतें?" मीं विचारलें.

"हात, काका. मनगटापासून कोपरापर्यंत दगड होतो. क्लच दाबवत नाहीं, ब्रेक धरवत नाहीं."

मला 'धृ' धातु आठवला. धृति म्हणजे धैर्य असें आपण म्हणतों. मुळांत तें धरणें आहे, धरून राहणें. (जुन्या पंतोजीची खोड म्हणून वाचकांनीं एवढें सोसावें.)

मीं तीन अटी घातल्या. मानेचें व छातीचें कवच आधीं घ्यावें, मग गाडीची सजावट. विम्याच्या कागदांत शर्यतींतील अपघात वगळलेला असतो कीं काय तें पाहावें. बहुधा तो असतोच, आणि त्याचाहि असल्याचें निघालें, तेव्हां त्यानें निराळा विमा उतरविला. आणि हात धरेनासा झाला कीं गाडीवरून उतरावें, मग पुढें कितीहि थोडें राहिलेलें असो. भावजय म्हणाली, "मीं तुम्हांस नाहीं म्हणावयास सांगितलें होतें." त्यानंतर महिनाभर ती ओसरीवर आली नाहीं. तिचा राग खोटा होता असें मला आजहि म्हणवत नाहीं. वचन मुलानें मला दिलें होतें. जागरण तिला करावयाचें होतें.

मार्गशीर्षांत स्पर्धा झाली. दुसऱ्या दिवशीं दुपारीं, दोन नाके उरले असतां, एका उतारावर त्याच्या डाव्या हाताला क्लच दाबवेना. तो थांबला, गाडी कडेला घेतली आणि पंचांस सांगून नांव काढून घेतलें. मध्यरात्रीं गाडी टेम्पोंत घालून घरीं आला. आईनें कांहीं विचारलें नाहीं. त्याचा डावा हात हातांत घेऊन एकेक बोट मिटवून पाहिलें.

तिसऱ्या दिवशीं ती पदरांत चार पेरू घेऊन आमच्याकडे आली.

"पुढल्या वर्षींचा कागद केव्हां येतो?"

"ठाऊक नाहीं," मी म्हणालों.

"आला कीं आधीं मला दाखवावयास सांगा."