मोटारीने हवा धरली

मंडळी, गेल्या दिवाळीत याच पानावर आमच्या बाल्कनीतल्या तुळशीची फजिती सांगितली होती. यंदाची हकीकत संगणकाची.

आमच्या लेकीने वाढदिवसाचे आणि भाऊबीजेचे पैसे साठवून, दोन वर्षं एकेक भाग जमवत घरीच संगणक बांधला. पण दुबईचा ऑगस्ट! पंखे घोंघावायचे, तरी ग्राफिक्स कार्ड ८२ अंशांवर जायचं. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, वॉटर कूलिंग करूया."

"विजेच्या वस्तूत आपल्या हाताने पाणी सोडायचं?" माझ्या पोटात गोळा आला.

तिने समजावलं. प्रोसेसर आणि कार्डावर तांब्याचा ठोकळा बसतो, पंप त्यातून पाणी फिरवतो, पाणी उष्णता उचलून रेडिएटरकडे नेतं आणि तिथले पंखे ती बाहेर टाकतात. गाडीत असतं तसंच. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी तीन हजार पटींहून जास्त उष्णता वाहून नेतं. नळाचं पाणी मात्र चालत नाही, क्षार साचतात, म्हणून डिस्टिल्ड. आणि तांब्यासोबत अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर लावला तर तो गंजतो.

शनिवारी सगळे सांधे आवळले. नियम असा, की पहिला दिवसभर वीज फक्त पंपाला द्यायची आणि प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवायचा. पंप सुरू केला, तर नुसती खरखर. नळीतलं पाणी जागचं हलेना. कोरडा चालला तर पंप जळतो, म्हणून तिने झटकन बंद केला. चेहरा एवढासा झाला.

तेवढ्यात निफाडहून आप्पांचा व्हिडिओ कॉल आला. आजोबा-नातीचं बोलणं ठरलेलं. "जेवलीस का?" "हो." "अभ्यास?" "चालू आहे." पाचवं वाक्य कधी यायचंच नाही. त्या दिवशी तिने रडवेल्या आवाजात पंप पुन्हा क्षणभर लावून ऐकवला.

"मोटारीने हवा धरलीय गं! टाकी मोटारीच्या वर आहे ना? मग डबा हळूहळू तिरका कर. हवेला वर जायला वाट दे."

तीस वर्षं द्राक्षबागेचं ठिबक सांभाळलेला माणूस! तिने कॅबिनेट कलतं केलं, पंप थोडा थोडा चालू-बंद केला. बुडबुडे टाकीत चढले आणि पाणी धावू लागलं. फोन चाळीस मिनिटं चालला.

दुसऱ्या दिवशी एक टिश्यू ओला निघाला. रबरी रिंग वाकडी बसली होती. ती नीट बसवून पुन्हा दिवसभर वाट पाहिली. आता कार्ड ५८ अंशांवर असतं. खोली मात्र तेवढीच तापते, कारण पाणी उष्णता संपवत नाही, फक्त हलवतं. एसीचं बिल माझ्याकडेच!

हल्ली आप्पा पहिल्यांदा विचारतात, "टाकीत पाणी किती आहे?" आणि ती विचारते, "आजोबा, ऑक्टोबर छाटणी झाली का?"

शुभ दीपावली!