ड्रायव्हरची थंडी कोणाच्या हिशोबात धरायची?

निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की आमच्याकडची बातमी ठरलेली असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा, द्राक्षबागेत पहाटे पेटवलेल्या शेकोट्यांचा फोटो, आणि सोबत मणी तडकण्याच्या भीतीची चौकट. ही बातमी यायलाच हवी. बाग गेली तर शेतकऱ्याचं वर्ष जातं. पण तीच द्राक्षं आणि तोच कांदा घेऊन जो माणूस त्याच रात्री पिंपळगावातून, लासलगावातून उत्तरेकडे निघतो, त्याच्या थंडीची बातमी होत नाही.

रस्ता डोळ्यांसमोर आणा. चांदवड, मालेगाव, धुळे, शिरपूर, मग बिजासनचा घाट, सेंधवा, इंदूरच्या पुढे गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर, आग्रा आणि शेवटी दिल्लीची आझादपूर मंडी. बाराशे किलोमीटरच्या आसपासची लाईन. डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरच्या पुढे धुकं असं दाटतं की पुढच्या गाडीचा टेललाइट दिसला तरी नशीब. आणि आपल्याकडून निघालेल्या जुन्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्यांत केबिन गरम होत नाही. हीटर असतो पण कोमट फुंकतो, किंवा मुळात नसतोच.

मालकांशी हा विषय काढला की उत्तर येतं, "अहो, ड्रायव्हर लोकांना सवय असते. दोन घोंगड्या देतो ना बरोबर." माझा आक्षेप इथेच आहे. केबिनची ऊब ही चैन आहे, असं आपण धरून चाललो आहोत. ती चैन नाही. ब्रेक आणि टायरच्या रांगेत बसणारी गोष्ट आहे ती. का, ते सांगतो.

पहिलं कारण काच. बंद केबिनमध्ये ड्रायव्हर आणि क्लीनर श्वास घेतात, कपडे दमट असतात, बाहेर काच थंडगार. आतून वाफ धरते. हीटरची गरम, कोरडी हवा काचेवर आली तरच ती वाफ जाते. हवा कोमट असेल तर ड्रायव्हर काय करतो? एका हाताने स्टेअरिंग, दुसऱ्या हाताने फडक्याने काच पुसणं. बाहेर धुकं आणि आतही धुकं. बाहेरच्या धुक्याला आपला इलाज नाही, आतल्या धुक्याला आहे.

दुसरं कारण हात-पाय. गारठलेली बोटं आणि बधिर झालेला पाय क्लचवर, ब्रेकवर नीट चालत नाही. पहाटे तीन वाजता भरलेला ट्रक चालवणाऱ्या माणसाबद्दल बोलतोय मी.

तिसरं कारण सगळ्यात वाईट. गाडी ढाब्यावर उभी केली, झोपायचं आहे, थंडी सोसवत नाही. मग केबिनमध्ये कोळशाची शेगडी किंवा छोटा गॅस पेटवला जातो आणि काचा चढवल्या जातात. दर हिवाळ्यात बंद खोलीत किंवा ट्रकच्या केबिनमध्ये शेगडी पेटवून झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या उत्तरेकडून येतात. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे त्याला धरून ठेवतं. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. पण झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. काच बोटभर खाली ठेवली म्हणजे झालं, असं समजू नका. केबिनमध्ये शेगडी नाहीच पेटवायची. कोणी असा बेशुद्ध दिसला तर आधी मोकळ्या हवेत काढा आणि 108 किंवा 112 ला फोन लावा.

आता या सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ऐका. ही ऊब फुकट असते. डिझेल जळून जी ऊर्जा तयार होते, तिचा साधारण एक तृतीयांश भाग इंजिनच्या पाण्यात उष्णता म्हणून जातो आणि रेडिएटरमधून बाहेर फेकला जातो. हीटर म्हणजे दुसरं काही नाही, डॅशबोर्डच्या मागे बसवलेला एक छोटा रेडिएटर. इंजिनचं गरम पाणी दोन होज पाइपांतून त्यात फिरतं आणि मागून पंखा हवा मारतो. बस्स, एवढंच.

मग जुन्या गाडीचा हीटर मरतो कशाने? आपल्या भागात एक मोठं कारण माणसाने केलेलं आहे. उन्हाळ्यात गाडी तापली की गॅरेजमध्ये पहिला उपाय ठरलेला: थर्मोस्टॅट काढून फेकायचा. "काही नाही साहेब, तो वॉल काढून टाकला, आता गाडी गरम होणार नाही." माझ्या जुन्या जीपचंही एका मे महिन्यात असंच झालं. मला न विचारता. डिसेंबरात पहाटे तालुक्याच्या बातमीला निघालो तर दहा किलोमीटर झाले तरी तापमानाचा काटा हलेना आणि हीटरमधून नुसती गार झुळूक. नवा थर्मोस्टॅट बसवला आणि काटा जागेवर आला.

थर्मोस्टॅटचं काम काय, तर इंजिन साधारण 80 अंशांच्या पुढे तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणं. तो काढला की थंडीत पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन कधी पुरतं तापतच नाही. हीटर कोमट राहतो, डिझेल जास्त जातं, इंजिनची झीज वाढते. काही इंजिनांत तर तो काढल्यावर बरंचसं पाणी बायपासमधूनच फिरत राहतं आणि उन्हाळ्यात गाडी उलट जास्त तापते. म्हणजे ज्या रोगावर औषध म्हणून काढला तोच रोग वाढतो. गाडी का तापते हे शोधायला वेळ लागतो, वॉल काढायला लागत नाही, म्हणून हे चालू आहे.

दुसरं कारण पाणी. कुलंटचे पैसे वाचवायला बोअरचं पाणी ओतलं जातं. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड आहे ते घरातल्या नळांवरच्या पांढऱ्या थरावरून कळतं. तोच थर आणि गंज त्या छोट्या हीटर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. वर उत्तरेत पारा शून्याखाली गेला तर नुसतं पाणी गोठून फुगतं आणि इंजिनचा ब्लॉकच तडकू शकतो. कुलंट निम्मं आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं, किंवा गाडीच्या पुस्तकात दिलंय ते प्रमाण, हा खर्च नाही, विमा आहे.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी, फिटरकडून समजून घेतलेली साधी तपासणी लिहितो.

गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालवा आणि काटा बघा. काटा वर येतच नसेल, किंवा हायवेला लागल्यावर पुन्हा खाली पडत असेल, तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडा अडकलाय.

काटा जागेवर असेल तर गाडी बंद करून बॉनेट उघडा आणि हीटरकडे जाणारे दोन होज पाइप जपून हात लावून बघा. दोन्ही कडक गरम असतील तर पाणी बरोबर फिरतंय. दोष केबिनच्या बाजूला आहे, म्हणजे पंखा, हवेची फ्लॅप, तिची केबल किंवा चोंदलेला फिल्टर. एक गरम आणि एक गार असेल तर हीटर कॉक बंद आहे किंवा हीटर रेडिएटर चोंदलाय. दोन्ही कोमट असतील तर कुलंट कमी आहे, किंवा आत हवा अडकली आहे.

चोंदलेला हीटर बऱ्याचदा उलट्या दिशेने साध्या पाण्याने धुऊन मोकळा होतो. पण पाण्याचा जोर कमी ठेवायला सांगा, वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप लावला तर जुना हीटर फुटतो. पुन्हा भरताना आतली हवा काढायला विसरू नका. गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. काचेवर आतून चिकट थर, गोडसर वास, पायाखाली ओल, असं दिसलं तर हीटर गळतोय; तो बदलाच. आणि काढलेलं कुलंट उघड्यावर सोडू नका, ते गोड लागतं आणि विषारी असतं. कुत्री, जनावरं पितात.

काच साफ ठेवायची असेल तर हवा बाहेरून घ्या. आतलीच हवा फिरवत ठेवली तर केबिन लवकर तापते पण काच धरते. ज्या गाडीत एसी आहे तिथे हीटरबरोबर एसीही लावा. तो हवेतली ओल काढतो.

चेसिस घेऊन बॉडीवाल्याकडे केबिन बांधून घेतलेल्या जुन्या ट्रकांची गोष्ट अजून वेगळी. तिथे आधी फटी बुजवा. पेडलची भोकं, दरवाज्याचं रबर, इंजिनवरचं झाकण. थंडी जिथून आत येते तिथूनच सायलेन्सरच्या गळतीचा धूरही आत येतो. इंजिनच्या गरम पाण्यावर चालणारा छोटा हीटर नंतरही बसवता येतो, पण काम जाणणाऱ्या मिस्त्रीकडूनच.

यातल्या बहुतेक कामांचा खर्च ट्रकच्या एका नव्या टायरच्याही खाली आहे. मग होत का नाही? कारण खर्च मालकाने करायचा आणि थंडी ड्रायव्हरने सोसायची. ज्याला गारठा लागतो त्याच्या हातात निर्णय नाही, आणि ज्याच्या हातात निर्णय आहे तो त्या रात्री घरी रजईत असतो.

सरकारने एक चांगलं पाऊल टाकलं. 8 डिसेंबर 2023 च्या अधिसूचनेने 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना केबिनमध्ये एसी सक्तीचा केला. केबिनमधलं तापमान हा ड्रायव्हरच्या हक्काचा आणि सुरक्षेचा प्रश्न आहे, हे त्यातून मान्य झालं. पण हा नियम नव्या गाड्यांना आहे. रस्त्यावर आज धावणारे जुने ट्रक त्यात नाहीत. आणि आपल्याकडे द्राक्ष-भाजीपाला वाहणाऱ्या ज्या छोट्या पिकअप आहेत, त्या बहुतेक साडेतीन टनांच्या आतल्या. त्या नव्या घेतल्या तरी नियमाच्या बाहेरच.

म्हणून तीन मागण्या आहेत.

एक, जुन्या मालवाहू गाडीच्या फिटनेसला वायपर बघता तशी आतून काच साफ होते का तेही बघा. वायपर बाहेरचं पाणी पुसतो, आतली वाफ नाही.

दोन, जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान होतं, ड्रायव्हरांची डोळे तपासणी होते, गुलाबाची फुलं दिली जातात. डोळे चांगले निघाले आणि काच धुरकट असली तर उपयोग काय? बाजार समित्या, वाहतूकदार संघटना आणि गॅरेजवाल्यांनी मिळून दिवाळीनंतर लगेच एक हीटर-कुलंट तपासणी शिबिर घ्यावं. जानेवारीत निम्मी थंडी होऊन गेलेली असते.

तीन, ही व्यापाऱ्यांना आणि मोठ्या बागायतदारांना. खळ्यावर, पॅकहाऊसवर गाडी भरताना आपण ताडपत्री नीट आहे का बघतो, कारण माल आपला असतो. त्याच वेळी ड्रायव्हरला एक प्रश्न विचारा, "दादा, हीटर चालतो का?" चालत नसेल तर मालकाला फोन करा. भाडं देणाऱ्याचा फोन मालक ऐकतो, ड्रायव्हरचा ऐकेलच असं नाही.

द्राक्षाच्या मण्याला थंडी लागू नये म्हणून आपण पहाटे तीनला उठून शेकोट्या पेटवतो. तेवढ्याच वेळी तो मणी दिल्लीला नेणारा माणूस ग्वाल्हेरच्या पुढे कुठेतरी फडक्याने काच पुसत असतो.

तुमच्या ओळखीत कोणी लाईनवर गाडी चालवत असेल, किंवा कोणाची गाडी लाईनवर असेल, तर ही पोस्ट त्याला पाठवा. शेगडीचा परिच्छेद तेवढा वाचून दाखवा, बाकीचं तो सवडीने वाचेल.