आधी नवऱ्याचा रिपोर्ट दाखवा

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा चावडा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून आलेलं हे टेस्ट ट्यूब बेबी देशातलं पहिलं म्हणून गाजलं. (कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्येच हे साधलं होतं, आणि त्यांना ते श्रेय मिळावं म्हणून पुढे झटले ते खुद्द आनंदकुमारच. असा मोठेपणा विरळाच.) हर्षाचा जन्म झाला तो महापालिकेच्या रुग्णालयात. आज मात्र मूल होत नाही म्हटलं की जोडप्याला दिसतात त्या खासगी आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सेंटरच्या जाहिराती आणि लाख-दीड लाखाच्या पुढचं पॅकेज.

त्याआधीच्या साध्या तपासण्यांचं काय?

दवाखान्यात नेहमी दिसणारं चित्र आहे. लग्नाला तीन-चार वर्षं झालेली बाई सासूबरोबर येते. पिशवीत सोनोग्राफ्या, थायरॉइडचे रिपोर्ट, कधी दुर्बिणीच्या तपासणीचेही कागद. नवऱ्याचा एकही नाही. डॉक्टरांनी विचारलं की उत्तर सासूच देते, 'त्याला काही नाही हो, चांगला धडधाकट आहे!' धडधाकटपणावरून शुक्रजंतूंची संख्या कळत नाही. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण सापडतं. वीर्यतपासणी काही शे रुपयांत होते, भूल लागत नाही, टाकेही पडत नाहीत. तरी बाईच्या पोटात दुर्बीण आधी जाते, हे संतापजनक आहे.

बाईकडची कारणंही बरीचशी शोधता येण्याजोगी असतात. पाळी अनियमित असेल तर बीज वेळेवर तयार होत नसण्याची शक्यता मोठी. त्यामागे पीसीओएस, थायरॉइड किंवा वाढलेलं प्रोलॅक्टिन असू शकतं. पीसीओएसमध्ये बीज तयार व्हावं म्हणून लेट्रोझोलच्या गोळ्यांनी सुरुवात करतात. २०११ मध्ये आपल्याकडे या वापरावर बंदी आली आणि २०१७ मध्ये उठली. वजन जास्त असेल तर थोडं उतरवूनही पाळी रुळावर येऊ शकते. पाळीत असह्य दुखत असेल तर एंडोमेट्रिओसिसचा विचार हवा; 'लग्न झालं की थांबेल' या सल्ल्यात अनेकींची वर्षं वाया जातात.

गर्भनलिकांचं दुखणं मात्र मुकं असतं. पाळी नियमित, सोनोग्राफी ठीक, आणि नळ्या बंद. पाळी संपल्यावर काही दिवसांत एचएसजी करतात. गर्भाशयात औषध सोडून एक्स-रेवर ते नळ्यांतून पोटात सांडतं का, हे पाहतात. नळ्या बंद होण्यामागे जुना जंतुसंसर्ग असतो, असुरक्षित गर्भपात असतो आणि आपल्या देशात क्षयरोगही. हा क्षय खोकत नाही, त्यामुळे लवकर ओळखू येत नाही. औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. पण नळ्या एकदा खराब झाल्या की जंतू मेले तरी त्या पूर्ववत होतीलच असं नाही. म्हणून निदान लवकर हवं.

वयाचं गणित कटू आहे. पस्तिशीनंतर बीजांची संख्या आणि दर्जा झपाट्याने घसरतो, आणि आयव्हीएफही ते घड्याळ मागे फिरवत नाही. म्हणूनच एरवी वर्षभर वाट पाहून तपासणी करतात, पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच. पण एएमएच या हार्मोनचं प्रमाण चाचणीत कमी आलं की 'आता आयव्हीएफच' असं घाबरवणंही गैर. ही चाचणी बीजांच्या शिल्लक साठ्याचा अंदाज देते. नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही, ते सांगत नाही.

२०२१ च्या कायद्याने आयव्हीएफ सेंटरना नोंदणी सक्तीची केली, ते योग्यच झालं. मात्र आयुष्मान भारतमधून वंध्यत्वाचे उपचार वगळलेले आहेत. गोव्याने २०२३ मध्ये बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफ सुरू केलं. महाराष्ट्राला लगेच तेवढं झेपणार नसेल, तर निदान प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वीर्यतपासणी, हार्मोन चाचण्या आणि एचएसजी ठरलेल्या दिवशी मोफत मिळायला हवेत. आणि त्या ओपीडीचा केसपेपर दोघांच्या नावे निघावा, नवऱ्याची तपासणी झाल्याशिवाय बाईला ऑपरेशनची तारीख देऊ नये.