लकवा मारलेल्या माणसाच्या ताटाकडे बघा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

जळगाव जामोद तालुक्यात कुणाला लकवा मारला की घरचे खामगाव किंवा अकोल्याची वाट धरतात. साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळावं म्हणून ती धावपळ असते. हे पत्र मात्र त्यानंतरच्या महिन्यांबद्दल आहे. रुग्ण घरी येतो, हातात गोळ्यांची चिठ्ठी असते; त्यानं काय आणि कसं खायचं, हे मात्र बहुधा कुणी सांगितलेलं नसतं.

पहिल्या काही दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांना नीट गिळता येत नाही. घरची माणसं मायेनं पातळ चहा, पाणी पाजतात आणि तेच श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो. पुढे ठसक्याच्या धास्तीनं जेवणच तुटतं. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या काहींना तर डावीकडचं जगच जाणवत नाही. ताटातली उजवीकडची भाकरी संपते, डावीकडचं वरण तसंच राहतं. घरात म्हणतात, भूक मेली. भूक मेलेली नसते. ताट फिरवून ठेवलं की तो माणूस उरलेलं जेवतो.

साधारण तिघांतल्या एका रुग्णाची स्मरणशक्ती किंवा लक्ष लकव्यानंतर कमी होतं. आपण जेवलो का, गोळी घेतली का, हेच आठवत नाही. विसरण्यानं पोट रिकामं राहतं. त्यात बी-१२सारख्या जीवनसत्त्वाची कमतरता असेल, तर मेंदू आणखी मंदावतो.

लकव्याच्या रुग्णांवरच्या 'फूड' या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दाखल होतानाच कुपोषित असलेल्यांपैकी ३७ टक्के रुग्ण सहा महिन्यांत दगावले. पोषण ठीक असलेल्यांत हे प्रमाण २० टक्के होतं. ऑस्ट्रेलियात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्यूएएससी' अभ्यासात परिचारिकांनी ताप, साखर आणि गिळणं एवढ्या तीनच गोष्टींवर ठरवून लक्ष ठेवलं. तीन महिन्यांनंतर मृत वा परावलंबी झालेल्यांचं प्रमाण तिथं ४२ टक्के होतं, तुलनेच्या गटात ५८ टक्के. यात कुठलंही महागडं यंत्र नव्हतं.

लकवा हा शहरी श्रीमंतांचा आजार आहे, असंही कुणी म्हणू नये. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेनं ८६ गावांतले मृत्यू तपासले, तेव्हा १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताचे निघाले. कारणांच्या यादीत तोच पहिला होता.

क्षयरुग्णाला पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये देणं सरकारला योग्य वाटलं, आणि ते योग्यच आहे. लकव्याच्या रुग्णासाठी निदान एवढं व्हावं: प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात पहिला घास देण्याआधी परिचारिकेनं गिळण्याची चाचणी घ्यावी. बालकांचा दंडघेर मोजणाऱ्या आशाताईंना मोठ्यांसाठीही टेप द्यावी. साडेतेवीस सेंटिमीटरच्या खाली दंडघेर गेला की सावध व्हायचं, हे शिकवावं. दंड मोजायला घरी गेल्यावर त्यांनी स्मरणशक्तीचे चार प्रश्न विचारावेत. खारं भूजल असलेल्या खारपाणपट्ट्यातल्या रुग्णाला 'मीठ कमी खा' सांगताना तो कुठलं पाणी पितो, हेही विचारावं.

सुरुवात जळगाव जामोद तालुक्यापासून करावी, ही विनंती.