दिसत नाही तो धूर

दर हिवाळ्यात एक ठरलेली बातमी येते. बाथरूममध्ये कुणीतरी बेशुद्धावस्थेत सापडलं, गॅस गीझर सुरू होता, दार तोडावं लागलं. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, शेजारी 'नशीब' म्हणतात आणि पुढच्या आठवड्यात त्याच इमारतीत आणखी एक गीझर बसतो. नशिबाचा इथे काडीचा संबंध नाही. कोंडवाड्यात चूल पेटवून धुराला वाटच ठेवली नाही, तर दुसरं काय होणार?

'पण गॅसला धूर कुठे असतो?' हा प्रश्न मला शिकल्यासवरल्या माणसांनी विचारलाय, त्यात इंजिनिअरही आहेत. सगळी गोम इथेच आहे. बंबाचा धूर डोळ्यांत जायचा, म्हणून बंबाच्या पोटातून नळी वर काढलेली असायची आणि न्हाणीची कौलंही फटींची असायची. बंबाचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. त्यातही माणसं खोकून बेजार व्हायची. पण निदान धूर आहे हे तरी मान्य होतं. गॅसची ज्योत निळी, स्वच्छ, दिसायला देखणी. डोळे चुरचुरत नाहीत, म्हणून आपण धुराडंच रद्द करून टाकलं.

जरा हिशोब करा. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गीझर म्हणजे साधारण बारा किलोवॉटचा जाळ. शेगडीचे पाच मोठे बर्नर एकदम फुल केले तर जेवढा होईल तेवढा. दहा मिनिटांत तो दीडशे ग्रॅमच्या आसपास एलपीजी जाळतो आणि त्यासाठी सुमारे दोन घनमीटर हवा खातो. चार बाय सहाच्या बाथरूममध्ये हवा असते जेमतेम पाच-साडेपाच घनमीटर. खिडकीची काच लावलेली, दाराला खाली रबर, कारण 'थंडी येते'. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. एलपीजीला जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. ज्योतीत तो जळून जातो. तेव्हा 'वास आला असता तर कळलं असतं' हे बोलणं सोडा. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट जोरानं चिकटतो आणि ओरडण्याआधी पायातली ताकद काढून घेतो.

जे मरत नाहीत त्यांची कथा आणखी संतापजनक. वैद्यकीय नियतकालिकांत 'गॅस गीझर सिंड्रोम' या नावानं हा प्रकार नोंदलेला आहे. अंघोळीत चक्कर आली, झटका आला, माणूस पडला, की घरचे म्हणतात फिट आली. डॉक्टरनं गीझरचं विचारलं नाही, तर फेफऱ्याच्या गोळ्या सुरू. दोषी भिंतीवर लटकलेला, शिक्षा पेशंटला.

आता आपले फिटर. एका घरी मी जवळ उभा राहून पाहिलं. चार स्क्रू, टेफ्लॉन टेप, रबरी नळी, पाणी गरम आलं, झालं काम. धुराचा पाइप होता. तो त्यानं पीओपीच्या छतात घुसवून वर मोकळा सोडला. मी विचारलं, 'अरे, बाहेर कुठे काढलास?' तर म्हणाला, 'काका, बाहेर काढला तर टाइल फोडायला लागंल. मॅडम नको म्हणाल्या.' म्हणजे धूर छतावर साठणार आणि दिव्यांच्या भोकांतून पुन्हा अंघोळ करणाऱ्याच्या डोक्यावर उतरणार.

खरं काम काही अवघड नाही. ज्या गीझरला धुराची कॉलर, म्हणजे धुराचा पाइप जोडायचं तोंड, नाही, तो बाथरूममध्ये लावायचाच नाही. उघड्या बाल्कनीत लावा आणि मग तिला काचा बसवू नका. कॉलर असेल तर तिच्याच व्यासाचा धातूचा पाइप, आधी सरळ वर, मग कमीत कमी वळणं, तोंड थेट मोकळ्या हवेत, वर टोपी. डक्टमध्ये नाही, शेजाऱ्याच्या खिडकीखाली नाही. दाराला खाली जाळी, ताजी हवा आत यायला. आणि एक्झॉस्ट फॅनच्या भरवशावर राहू नका: हवा यायला दुसरी वाट नसेल तर तो धुराड्यातूनच उलटी हवा ओढतो. शेवटी दारं-खिडक्या लावून, गीझर आणि पंखा चालू करून कॉलरशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला जायला हवा. बाहेर पसरला तर गीझर बंद करा आणि फिटरला परत बोलवा.

ब्रिटनमध्ये 1998 च्या गॅस सुरक्षा नियमांनी हा प्रश्न एका वाक्यात निकालात काढलाय. बाथरूममध्ये गॅसचं नवं उपकरण बसवायचं तर ते खोलीपासून पूर्ण सीलबंद हवं. जाळायची हवा बाहेरून, धूर बाहेरच. काम फक्त नोंदणीकृत माणसाचं. आपल्याकडे फिटरला परवाना विचारायचा असतो, हेच कुणाला सुचत नाही.

आणि सोसायटीचे सेक्रेटरी! बाहेरच्या भिंतीला चार इंचांचं भोक पाडायचं म्हटलं की इमारतीच्या दर्शनी भागाचं सौंदर्य बिघडतं. त्याच भिंतीवर एसीच्या खोक्यांची रांग लटकतेय, डिश अँटेना आहेत, पावसाळी पत्रे आहेत. त्यांना परवानगी कुणी दिली होती, साहेब? त्याच सहीनं आमच्या धुराड्याचा अर्जही मंजूर करा.